निक्षय पोषण योजना: पहिल्या दोन महिन्यांच्या काट्यावर तोललेले परीक्षण

टीबीच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. खाण्यासाठी महिन्याला हजार रुपयेही मिळतात, हे मात्र कित्येक घरांत उपचार निम्मे झाल्यावर कळते. ही निक्षय पोषण योजना. १ एप्रिल २०१८ पासून ती देशभर लागू आहे. तेव्हा महिना ५०० रुपये मिळत, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पिवळे-केशरी रेशनकार्ड लागत नाही. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी चालते. अट एकच, रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर हवी.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. योजना चांगली आहे, तिची पात्रता उदार आहे आणि रक्कमही आता कामाची झाली आहे. तिची सर्वांत मोठी कमकुवत बाजू एक आहे: पैसे कधी पोचतात. टीबीत पहिल्या दोन महिन्यांत पोटात गेलेले अन्न जीव वाचवते. सहाव्या महिन्यात खात्यावर एकदम आलेली रक्कम उसनवारी फेडण्यात जाते. तीही गरज खरीच आहे, पण ते पोषण नव्हे. म्हणून या योजनेचा प्रत्येक भाग इथे एकाच प्रश्नावर तपासला आहे: पहिल्या साठ दिवसांत काय झाले?

हातात नेमके काय पडते

साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. त्यासाठी एकूण ६,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: ३,००० निदान झाल्यावर आगाऊ आणि ३,००० उपचाराचे ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. उपचार लांबला, किंवा औषधांना न जुमानणारा टीबी निघाला आणि कोर्स मोठा झाला, तर पुढच्या प्रत्येक महिन्याचे १,००० वेगळे. अधिसूचित आदिवासी भागातल्या रुग्णाला याखेरीज ७५० रुपये एकदाच मिळतात. ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, १८.५ च्या खाली आहे त्यांना पहिले दोन महिने जास्त ऊर्जेचा पूरक आहार द्यायचा, असेही ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरले.

आगाऊ हप्त्याचा निर्णय या योजनेतली सर्वांत मोलाची सुधारणा आहे. रक्कम दुप्पट झाल्याची चर्चा जास्त झाली, पण आमच्या मते तीन महिन्यांचे पैसे सुरुवातीलाच देणे हे त्याहून महत्त्वाचे. पूर्वी तीन महिन्यांचे पैसे असे एकदम सुरुवातीला मिळत नसत. म्हणजे ज्या दिवसांत माणूस उठून बसू शकत नव्हता, त्याच दिवसांत हातात कमी पैसे.

हजार रुपयांत काय येते ते बाजारात मांडून पाहू. भाव गावोगाव वेगळे असतात, साधारण किराणा भाव धरला आहे: दीड किलो तूरडाळ १९५, एक किलो शेंगदाणे १३५, तीस अंडी १९५, सहा लिटर दूध ३३०, एक लिटर तेल १४५. झाले हजार. या सगळ्याचे मिळून दिवसाला साधारण ८५० कॅलरी आणि ३२ ग्रॅम प्रथिने पडतात. रेशनचे धान्य घरात असेल तर ही भर चांगली आहे. शेंगदाणे, डाळ आणि अंडी यांवर जोर दिला तर रुपयाला सर्वांत जास्त प्रथिने मिळतात. दूध परवडले तर घ्यावे, पण हजारातले सहाशे दुधावर घालवू नयेत. आणि दुकानातले ‘प्रोटीन पावडर’चे डबे अजिबात नकोत, एका डब्यातच महिन्याचे पैसे संपतात. ५०० रुपयांच्या काळात हीच यादी निम्मी होती. दिवसाआड एक अंडे आणि मूठभर डाळ-दाणे, एवढाच तिचा आवाका.

दोनच महिने का?

याचे उत्तर झारखंडमधून आले. २०१९ ते २०२२ या काळात तिथल्या चार जिल्ह्यांत ‘रेशन्स’ नावाची मोठी चाचणी झाली. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी ती चालवली, निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. २,८०० रुग्णांना सहा महिने दरमहा दहा किलोची शिधापेटी मिळाली. दिवसाला १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. या रुग्णांतले पाचपैकी चार जण सुरुवातीलाच कमी वजनाचे होते, आणि जवळपास निम्म्यांचा बीएमआय १६ च्याही खाली होता. ज्यांचे वजन दोन महिन्यांत पाच टक्के वाढले, त्यांच्यात पुढे मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्के कमी दिसला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. शिधा सगळ्याच रुग्णांना दिला होता, त्यामुळे हा ६० टक्क्यांचा आकडा ‘शिधा विरुद्ध शिधा नाही’ अशा तुलनेचा नाही. वजन वाढलेल्यांची न वाढलेल्यांशी ती तुलना आहे. खरी चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना रुग्णांच्या घरच्यांत झाली. त्यातल्या १०,३४५ जणांपैकी एका गटाला माणशी दिवसाला ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने मिळतील इतके तांदूळ-डाळ दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि थुंकीत जंतू सापडलेला टीबी ४८ टक्क्यांनी. तीस घरांना शिधा दिला की एक नवा रुग्ण टळतो, असा त्याचा हिशेब निघतो. एवढा परिणाम देणारी आणि किराणा दुकानात मिळणारी दुसरी गोष्ट टीबीच्या कामात आम्हाला माहीत नाही.

हे एका रुग्ण बाईंवर लावून पाहा. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ३८ किलो. बीएमआय काढायचा तर वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे: ३८ भागिले १.५५, पुन्हा भागिले १.५५, उत्तर १५.८. ही अतिकुपोषणाची पातळी. १८.५ गाठायला या बाईंचे वजन ४४ किलोच्या पुढे जायला हवे, ते सहा महिन्यांतही अवघड आहे. पण पाच टक्के म्हणजे फक्त १ किलो ९०० ग्रॅम. साठाव्या दिवशी काटा चाळीसच्या जवळ दिसला पाहिजे, एवढेच लक्ष्य. ते काटा, उंचीची पट्टी आणि पहिल्या आठवड्यात आलेले तीन हजार रुपये यांच्या बळावर गाठता येते.

पैसे कुठे अडतात

आता रोजच्या कटकटीचा भाग. हा विषय किचकट आहे आणि रुग्णाच्या घरच्यांनी तो समजून घेतलेला बरा.

निदान झाले की प्राथमिक आरोग्य केंद्र, मनपाचा दवाखाना किंवा खासगी डॉक्टर रुग्णाची नोंद निक्षयवर करतात आणि एक निक्षय आयडी तयार होतो. हा आकडा उपचारपत्रिकेवर लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. पुढची प्रत्येक चौकशी त्यावरच होते. मग बँक खात्याचा क्रमांक, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) आणि आधार भरले जाते. खाते बरोबर आहे का, हे पीएफएमएस, म्हणजे सरकारी पैसे खात्यात पाठवणारी केंद्राची प्रणाली, बँकेकडून पडताळून घेते. पडताळणी झाली की यादी बनते, एक जण ती तयार करतो, वरचा अधिकारी मंजूर करतो, आणि पैसे थेट खात्यात जातात. रुग्णाच्या बाजूने हे सगळे बघणारी माणसे म्हणजे तालुक्याच्या टीबी युनिटचे एसटीएस (उपचारांवर देखरेख करणारे पर्यवेक्षक), शहरात टीबीएचव्ही (टीबीचे आरोग्य कर्मचारी), आणि गावात आशाताई.

ट्रूनॅट या तपासणी यंत्रावर थुंकीचा निकाल काही तासांत येतो. म्हणजे निदान एका दिवसात, आणि पैसे मात्र महिने-दोन महिने वाटेत. अडण्याची कारणे तीच ती असतात.

नाव जुळत नाही. आधारवर ‘सुनीता’, पासबुकात ‘सुनीताबाई’, निक्षयवर माहेरचे आडनाव. पडताळणी फेटाळली जाते आणि रुग्णाला कोणी कळवत नाही. नोंद करतानाच पासबुक समोर ठेवून त्यातलेच स्पेलिंग भरायचे, हा त्यावर उपाय. उपचारपत्रिकेवरून किंवा तोंडी ऐकून भरायचे नाही.

आयएफएससी जुना आहे. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. जुनी पासबुके घराघरांत अजून जपून ठेवलेली आहेत आणि त्यांवरचे कोड आता चालत नाहीत. शाखेत जाऊन नवीन पासबुक छापून घ्यावे.

खाते झोपलेले आहे. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते, पुन्हा केवायसी द्यावे लागते. शंभर रुपये भरून काढून पाहा, खाते जिवंत आहे की नाही ते दहा मिनिटांत कळते.

खाते पतसंस्थेतले आहे. ग्रामीण महाराष्ट्रात हा घोळ फार होतो. लोक पतसंस्थेच्या पुस्तकाला बँकेचेच पुस्तक समजतात, पण सरकारी अनुदान तिथे येत नाही. अशा वेळी सर्वांत जलद मार्ग म्हणजे टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत खाते. पोस्टमन घरी येऊन आधार आणि अंगठ्यावर उघडून देतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी याहून सोयीचे काही नाही. या बँकेचा आयएफएससी देशभर एकच असल्याने तो चुकण्याची भीतीही कमी.

खातेच नाही, किंवा रुग्ण लहान मूल आहे. अशा वेळी रक्ताच्या नातेवाइकाचे किंवा जोडीदाराचे खाते लेखी संमतीने चालते. बाईचे पैसे नवऱ्याच्या खात्यात टाकण्याआधी मात्र तिला एकटीला विचारावे. तिच्या जेवणाचे पैसे तिच्या ताटापर्यंत पोचतील का, हे तिलाच ठाऊक असते.

दोन आयडी झाले आहेत. आधी खासगी लॅबने नोंद केली, मग सरकारी दवाखान्याने पुन्हा केली. बँक खाते एका नोंदीला जोडलेले आणि उपचार दुसऱ्या नोंदीवर चालू. एसटीएसला सांगून दोन्ही एकत्र करून घ्याव्या लागतात. आपोआप होत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. आधारच्या आधारे पैसे सोडले तर ते शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मध्ये कधी सिमकार्डाच्या किंवा गॅसच्या निमित्ताने दुसरीकडे खाते उघडले असेल तर पैसे ‘आले नाहीत’ असे वाटते, आणि ते असतात त्या विसरलेल्या खात्यात. तक्रार करण्यापूर्वी ते तपासावे.

खासगी दवाखान्यातल्या रुग्णांची अडचण निराळी. टीबीची नोंद करणे २०१२ पासून सक्तीचे आहे, आणि नोंद केल्याबद्दल डॉक्टरला ५०० आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० रुपये मिळतात. तरी नोंद होते आणि बँक तपशील कोरा राहतो, कारण तो विचारायला दवाखान्यात माणूस नसतो. ‘आमची निक्षय नोंद झाली का आणि बँक तपशील भरला का’ हे दोन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. काही घरे नावाची वाच्यता होईल म्हणून मुद्दाम तपशील देत नाहीत, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असेल तर. ती भीती समजण्यासारखी आहे. बँकेच्या नोंदीत पैसे कशाचे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसत नाही, एवढे त्यांना शांतपणे समजावून सांगणारे माणूस हवे.

निक्षय मित्राची शिधापेटी

९ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी टीबीमुक्त भारत अभियान सुरू केले, तेव्हापासून रोख रकमेच्या जोडीला शिधापेटीही आली. कोणीही व्यक्ती, संस्था, कंपनी किंवा गणेश मंडळ ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाची संमती असेल तर किमान सहा महिने पेटी देऊ शकते. प्रौढासाठी सुचवलेला महिन्याचा शिधा असा: तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, आणि एक किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे. जमल्यास तीस अंडी.

धान्य ज्वारी आणि चौथी वस्तू शेंगदाणे धरून हिशेब केला तर दिवसाला साधारण ७७० कॅलरी आणि २९ ग्रॅम प्रथिने येतात. झारखंडच्या पेटीच्या दोन तृतीयांशांपेक्षा थोडे कमीच. अंडी जोडली की प्रथिने ३५ च्या घरात जातात, म्हणून ‘जमल्यास’ हा शब्द काढून अंडी नियमितच द्यावीत. शाकाहारी घराला त्याऐवजी शेंगदाणे दीड किलो करावेत.

पण पेटीचे खरे गणित रुग्णाच्या घरातल्या पातेल्यात होते. पाच माणसांच्या घरी रोज पाव किलो डाळ शिजते. दीड किलो डाळ सहा दिवसांत संपते. आई टीबीची रुग्ण असेल तर ती आधी पोरांना वाढणार, यात शंका नको. म्हणून ‘पेटी दिली पण वजन वाढले नाही’ असे दिसले की रुग्णाला दोष देण्याआधी घरात तोंडे किती, ते मोजावे. घरच्यांनाही मदत द्यायची मुभा ऑक्टोबर २०२४ मध्ये निक्षय मित्रांना मिळाली. हा बदल झारखंडच्या पुराव्याला धरून आहे आणि देणगीदारांनी तो मनावर घ्यायला हवा. दहा रुग्णांना एकेक पेटी देण्यापेक्षा पाच घरांना घरभर पुरेल इतका शिधा देणे आम्हाला जास्त पटते.

पेटीत काय बिघडते? तालुक्याच्या गावी कार्यक्रम ठेवून रुग्णांना व्यासपीठावर उभे करून फोटो काढले जातात. हे थांबलेच पाहिजे. टीबीचे नाव गावभर झाले की कोणाचे काम सुटते, कोणाची सोयरीक मोडते. पेटी न्यायला शंभर रुपये तिकिटाचे जातात आणि अशक्त माणसाला सहा-सात किलो ओझे घेऊन एस.टी.त चढावे लागते. महिन्याच्या गोळ्या जिथे मिळतात तिथेच, त्याच दिवशी पेटी मिळावी. पावसाळ्यात ओल लागलेले, बुरशी आलेले शेंगदाणे पेटीत येऊ नयेत, त्यातले विष यकृताला घातक असते आणि टीबीची औषधे आधीच यकृतावर ताण देतात. मधुमेही रुग्णाला पांढरा तांदूळ आणि गोड पूरक आहार सरसकट देऊ नये. टीबी आणि साखर दोन्ही असलेले रुग्ण थोडेथोडके नाहीत.

रोख बरी की पेटी, हा वाद नेहमी निघतो. बीडहून ऑक्टोबरमध्ये कारखान्याकडे निघालेल्या ऊसतोड जोडप्याचा विचार केला की उत्तर सोपे होते. खात्यातले पैसे त्यांच्याबरोबर फडावर जातात, पेटी गावीच राहते. उलट, दारू किंवा सावकार मागे लागलेल्या घरात पैसे गळतात, पण डाळ निदान शिजते. स्थलांतर करणाऱ्याला रोख, स्थिर घराला दोन्ही, असे आमचे सांगणे. स्थलांतर होत असेल तर निघण्याआधी निक्षयवरची नोंद नव्या ठिकाणच्या केंद्राकडे बदलून घ्यावी, नाहीतर ८४ दिवसांचा हप्ता ‘रुग्ण सापडत नाही’ या शेऱ्याखाली अडकतो.

सहा हजारांत न बसणारे

पोषणाच्या पैशांनी मजुरी भरून निघत नाही. रोज ४०० रुपये आणि महिन्याला पंचवीस दिवस काम धरा. दोन महिने घरी बसले की वीस हजार बुडाले. जागतिक आरोग्य संघटना वर्षाच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर गेलेल्या खर्चाला कुटुंब बुडवणारा खर्च मानते, आणि या घराच्या बाबतीत ती रेघ २४ हजारांवर येते. निदान होण्याआधीचे खासगी एक्स-रे, खोकल्याची औषधे आणि येण्याजाण्याचे भाडे धरले की ती सहज ओलांडली जाते.

महाराष्ट्रात यासाठी दुसरे दार आहे, पण ते कोणी दाखवत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत क्षयरोगासारख्या आजाराने ग्रस्त व्यक्तीही येतात. महिना १,५०० रुपये मिळतात. वय ६५ च्या आत, किमान पंधरा वर्षे महाराष्ट्रात वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, अशा अटी आहेत. उत्पन्नाची अट कडक आहे आणि अर्ज तहसील कार्यालयातून समितीकडे जातो, त्याला वेळ लागतो. त्यामुळे सरकारी रुग्णालयाचा दाखला निदानाच्या आठवड्यातच मागून ठेवावा. रेल्वेने तपासणीला किंवा भरती व्हायला जाणाऱ्या टीबी रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला दुसऱ्या वर्गात व स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत आहे.

हे सगळे एकाच टेबलावर का मिळत नाही, ही आमची या योजनेबद्दलची दुसरी तक्रार. रुग्णाला पोषणासाठी टीबी युनिट, निराधारसाठी तहसील, रेशनसाठी पुरवठा शाखा, अशा तीन ठिकाणी तीनदा तेच कागद द्यावे लागतात. मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो, तो हे जोडू शकतो. तालुक्याला तो नसतो.

योजना चालते की नाही, हे कसे ठरवायचे

जिल्हा आढाव्यात एकच आकडा दाखवला जातो: इतक्या टक्के रुग्णांना पैसे दिले. त्यात निदान एक हप्ता मिळालेला प्रत्येक जण मोजला जातो, मग तो दहाव्या दिवशी मिळालेला असो की एकशे ऐंशीव्या. या आकड्यावर समाधान मानू नये.

त्याहून फसवा आकडा म्हणजे ‘पैसे मिळालेल्यांत बरे होण्याचे प्रमाण जास्त’. जास्त असणारच. जो तिसऱ्या आठवड्यात दगावला त्याचा बँक तपशील भरायच्या आतच तो गेला, म्हणून तो ‘पैसे न मिळालेल्या’ रकान्यात पडला. जो जगला आणि दवाखान्यात येत राहिला, त्यालाच ८४ दिवसांचा हप्ता मिळाला. इथे पैशांमुळे माणूस जगलेला नसून जगला म्हणून त्याला पैसे मिळालेले असू शकतात. तुलना करायचीच तर निदानाच्या दिवसापासून सगळ्यांना मोजा, मेलेल्यांना आणि हरवलेल्यांनाही.

‘आधी आणि नंतर’ची तुलनाही तशीच घसरडी. निदानाच्या दिवशी वजन आयुष्यातले सर्वांत कमी असते, औषध सुरू झाले की शिधा न मिळताही थोडे वाढतेच. या सापळ्याचा धडा अमेरिकेतल्या कॅम्डेन शहरात मिळाला. वारंवार भरती होणाऱ्या रुग्णांना घर, प्रवास, कागदपत्रे अशा सामाजिक गरजांत मदत करणाऱ्या तिथल्या कार्यक्रमाचे फार कौतुक झाले होते, कारण मदतीनंतर भरती होणे खूप घटलेले दिसे. मग ८०० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली आणि २०२० मध्ये निकाल आला: सहा महिन्यांत पुन्हा भरती होणारे मदत मिळालेल्यांत ६२.३ टक्के, न मिळालेल्यांत ६१.७. सर्वांत वाईट काळात निवडलेली माणसे कालांतराने थोडी सावरतातच, ते श्रेय कार्यक्रमाला दिले गेले होते. त्यामुळे सामाजिक मदत वाया जाते असे कोणी समजू नये. झारखंडने तशाच चाचणीतून उलटे सिद्ध केले. पण चाचणी हवी.

तालुका पातळीवर चाचणी करता येत नसेल तर निदान हे मोजा. उपचार सुरू झाल्यापासून पहिला हप्ता जमा होईपर्यंत किती दिवस गेले, आणि साठ दिवसांनंतर पैसे मिळालेले किती? कमी वजनाच्या रुग्णांपैकी किती जणांचे वजन दोन महिन्यांत पाच टक्के वाढले? किती जणांचे दुसऱ्या महिन्याचे वजन नोंदवलेच नाही? हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका असतो. पत्रिकेवर सहाही महिने ‘३८, ३८, ३८’ असे लिहिलेले दिसले तर वजन केलेले नाही, मागचा आकडा उतरवला आहे. काटा सपाट फरशीवर हवा, चपला काढून, शक्यतो त्याच काट्यावर. गोळ्या वजनाच्या गटानुसार ठरतात, वजन वाढून तो गट बदलला तर गोळ्यांची संख्याही डॉक्टरांना पुन्हा ठरवावी लागते, म्हणून हा आकडा औषधासाठीही लागतो.

तमिळनाडूने एप्रिल २०२२ पासून आणखी एक पायरी जोडली आहे, ती महाराष्ट्राने उचलावी असे मनापासून वाटते. निदान होताच पाच गोष्टी बघायच्या: बीएमआय, पायावर सूज, श्वासाची गती, बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन, आणि आधाराशिवाय उभे राहता येते का. यात धोक्याचा रुग्ण दिसला की त्याला भरती करून घ्यायचे. सुरुवातीचे मृत्यू घटल्याचे तिथल्या नोंदी सांगतात. तीही आधी-नंतरची तुलना आहे हे लक्षात ठेवूनसुद्धा, या तपासणीला लागतो तो फक्त काटा, पट्टी, घड्याळ आणि ऑक्सिमीटर. बीएमआय १४ च्या आसपास आणि पाय सुजलेले असतील तर हजार रुपये हातात देऊन त्या माणसाला घरी पाठवणे चूक आहे. इतक्या उपाशी शरीराला एकदम भरपेट जेवणही झेपत नाही, रक्तातले क्षार कोसळतात. त्याला खाटेवर, देखरेखीखाली, थोडे थोडे अन्न लागते.

घरी असलेल्या रुग्णाला पहिले दोन-तीन आठवडे गोळ्यांनी मळमळते. तेव्हा तीन जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे खावे: सकाळी गोळ्यांनंतर डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने भाकरी-अंडे, मध्ये मूठभर भाजलेले दाणे, दुपारी घट्ट वरण, संध्याकाळी सातूचे पीठ दुधात. उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पंधराव्या दिवशी पासबुक भरून आणावे. तीन हजारांची नोंद नसेल तर निक्षय आयडी हाताशी ठेवून एसटीएसला गाठावे, नाहीतर १८००-११-६६६६ या फुकट क्रमांकावर फोन करून विचारावे की पडताळणी कुठल्या टप्प्यावर अडली आहे. ‘पैसे कधी येतील’ असे विचारले की ‘येतील’ एवढेच उत्तर मिळते.